एका माणसाचा किराणा

सोमवार, ३ मार्च २०२५. टूनगॅबी

शुक्रवारी रिटायर झालो. सव्वीस वर्षं सिडनीच्या रेल्वेचे सिग्नल सांभाळले. निरोपाला चॉकलेट केक, हार्डवेअरच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड, "एन्जॉय इट, मेट" आणि मंडळी आपापल्या डेस्कवर परत. आज सवयीने साडेपाचला जाग आली. नीला म्हणाली, "झोप रे." झोपून करायचं काय? म्हणून ही वही काढली.

दुपारी प्रॉपर्टी एजंट बाईंना बोलावलं होतं. सहज, घराची किंमत कळावी म्हणून. तिने दहा मिनिटांत सगळ्या खोल्या पाहिल्या, मागचं लिंबाचं झाड पाहिलं आणि म्हणाली, "वन पॉइंट फोर." मी म्हटलं, "पार्डन?" "मिलियन, राजीव. मे बी मोर."

२००१ साली हे घर तीन लाख दहा हजार डॉलरला घेतलं तेव्हा आठ दिवस मला अन्न गोड लागलं नव्हतं. आता चौदा लाख! बाथरूमची फरशी तीच, गळकी पन्हाळ तीच. मी बाईला चहासुद्धा विचारायला विसरलो.

संध्याकाळी नीलाला प्लॅन सांगितला. घर विकायचं. पेंडल हिलला दोन बेडरूमचं युनिट घ्यायचं. उरलेल्या पैशात वर्षातले काही महिने मुलांजवळ जागा भाड्याने घेऊन राहायचं. निनाद अमेरिकेत, सिॲटलजवळ. त्याची बायको शाल्मली, आणि आमची चार वर्षांची ईशानी. उर्वी नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला, एकटीच असते. दोन्हीकडे जाणं परवडणार नाही. तेव्हा प्रश्न एवढाच की स्वस्त काय पडेल, अमेरिका की युरोप?

नीला पोळी लाटत होती. म्हणाली, "प्रश्न एवढाच आहे का?"

"मग अजून काय?"

"त्यांना चालणार आहे का, ते विचार आधी."

"त्यात विचारायचं काय? आपलीच मुलं आहेत."

तिने पोळी तव्यावर टाकली आणि पुढे काही बोलली नाही. म्हणजे पटलं असावं.

बुधवार, ५ मार्च

दोन दिवस बसून एक्सेल शीट तयार केली. बावीस ओळी. भाडं, किराणा, वीज, गॅस, हेल्थ इन्शुरन्स, पेट्रोल किंवा पास, डे-केअर, फोन, केस कापणे, अंडी, दूध, कोथिंबीर, इत्यादी. दोघांनाही ईमेल केली : "तुमचा स्वतःचा महिन्याचा खरा खर्च भरा. अंदाजपंचे नको. इंटरनेटवरचे आकडे मला दिसतात, मला तुमचे हवेत."

सिग्नलमध्ये आम्ही हेच म्हणायचो. ड्रॉइंगवर काय लिहिलंय ते राहू दे, रुळावर जाऊन बघ.

शुक्रवार, ७ मार्च

उर्वीची शीट आली. पोरगी व्यवस्थित, प्रत्येक ओळीपुढे खुलासा. वाचून मात्र डोकं गरगरलं. बावन्न चौरस मीटरच्या जागेला महिना सतराशे वीस युरो. म्हणजे आपले एकोणतीसशे चाळीस डॉलर! आमचा हॉल आणि गॅरेज मिळून तेवढं होईल. कचऱ्याचा कर वेगळा, सांडपाण्याचा वेगळा. पुरुषांचे केस कापायला एकोणतीस युरो. स्टेशनवर टॉयलेटला जायचं तर एक युरो. लघवीला पावणेदोन डॉलर! नीलाला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "घरून जाऊन निघायचं."

पण हेल्थ इन्शुरन्स एकशे एकसष्ट युरोच. गाडी नाही, सायकलवर भागतं. पर्यटक म्हणून नव्वद दिवसांवर राहू देत नाहीत, ही मोठी अडचण.

ईमेलच्या शेवटी तिने लिहिलंय : "बाबा, तुम्ही दोघं कधीही या, मी सोफ्यावर झोपेन. आणि दादाच्या मागे आकड्यांसाठी लागू नकोस. त्याला वेळ घेऊ दे."

लहानपणापासून ही त्याची बाजू घेते.

सोमवार, १७ मार्च

निनादचं उत्तर नाही. दोन रिमाइंडर पाठवले. "बिझी, बाबा. करतो," एवढा मेसेज आला. आयटीवाल्यांना बावीस ओळी भरायला दोन आठवडे लागतात तर प्रोजेक्ट कसे पूर्ण होतात कोण जाणे.

आज एजंटबरोबरच्या करारावर सह्या केल्या. ऑक्शन शनिवारी, १० मे ला. नीलाने सही करताना विचारलं, "इतकी घाई आहे का?" मार्केट आत्ता वर आहे, हे तिला तिसऱ्यांदा समजावलं.

सोमवार, २४ मार्च

आली एकदाची! उतरवून घेतो, कारण काही आकडे वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

भाडं, एक हजार नऊशे पंच्याऐंशी अमेरिकन डॉलर. पुढे लिहिलंय : वन-बेडरूम. म्हणजे आपले एकतीसशे छप्पन्न. लेक किती विचारी! मी त्याचा स्वतःचा खर्च विचारला होता, पण आम्हा दोघांना केवढी जागा लागेल ते बघून त्याने तेवढ्या जागेचं भाडं काढून दिलं.

हेल्थ इन्शुरन्स आठशे सत्तर. महिन्याला! तेराशे त्र्याऐंशी ऑस्ट्रेलियन डॉलर! कंपनी देते ना यांना? की एवढं त्यातून कापतात? इथल्या सरकारी मेडिकेअरला आपण उगाच नावं ठेवतो. एक डझन अंडी सहा नव्व्याण्णव. अंडी आहेत की मोती?

पेट्रोल शून्य. पुढे : "बस पास". दोन गाड्या होत्या ना यांच्याकडे? पर्यावरणासाठी विकल्या असतील, शाल्मलीला त्याचं भारी. डे-केअरची ओळ रिकामी. ईशानी प्री-स्कूलला जायला लागली असेल, तिथे फुकट असेल.

आणि किराणा फक्त दोनशे चाळीस! आपले तीनशे ऐंशीच्या आसपास. तिघांचा महिन्याचा! आम्हा दोघांना इथे आठशे लागतात. शाल्मलीला नावाजायला हवं. निनादला लिहिलं : "किराण्याचा आकडा पाहून थक्क झालो. शाल्मलीला शाबासकी सांग. तिच्याकडून आईने शिकायला हवं."

त्याने अंगठा पाठवला.

मंगळवार, २५ मार्च

नीला कामावरून आली. ती वेस्टमीडला पॅथॉलॉजीत आहे, अजून आठवड्याचे तीन दिवस जाते. मी शीट दाखवली. तिने चष्मा लावला आणि रिपोर्ट वाचतात तशी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग म्हणाली, "प्रिंट काढून दे."

"कशाला? स्क्रीनवर आहे की."

"दे."

प्रिंट घेऊन बराच वेळ मागच्या पायरीवर बसली. लाल पेनाने दोन-तीन ठिकाणी गोल केले. मी विचारलं, काय चुकलंय? म्हणाली, "त्याला फोन कर." मी म्हटलं, करू की रविवारी, पाडव्याला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझंच काहीतरी चुकलं असावं. काय चुकलं ते सांगत नाही. चाळीस वर्षांत ही सवय गेली नाही.

रविवार, ३० मार्च

गुढी उभारली. श्रीखंड घरी केलं. दहाला व्हिडिओ कॉल. तिकडे शनिवारची दुपार होती. निनाद एकटाच. शाल्मली कुठे? "बाहेर गेलीय." ईशानी? "बर्थडे पार्टीला." सणाच्या दिवशी पोरीला आजी-आजोबांसमोर आणता येत नाही का? मी तसं बोललोही. तो हसला. वजन उतरलंय, चांगलं दिसतंय. जिमला जातो वाटतं. मागे नुसती पांढरी भिंत, एक फोटो नाही. नवा रंग दिला असावा.

मी त्याला प्रॉपर्टी टॅक्स, टिप, बिलावर वेगळा लागणारा टॅक्स, सगळं विचारून घेतलं. तो शांतपणे उत्तरं देत होता. नीलाने मध्येच विचारलं, "जेवलास का तू?"

"हो गं, आई."

"काय जेवलास?"

"सँडविच."

मग म्हणाला मीटिंग आहे. शनिवारी! अमेरिकन कंपन्या माणसाला पिळून काढतात. शीटमध्ये याची ओळ नाही.

शनिवार, १२ एप्रिल

पहिलं ओपन हाउस. घर बघायला आलेली एकतीस माणसं बूट घालून घरभर फिरली. आम्ही शेजारच्या यतीनकडे जाऊन बसलो. तो विचारत होता, अमेरिका की युरोप? मी म्हटलं, भाड्याला दोन्ही सारखेच. इन्शुरन्सला अमेरिका मारते, दिवसांना युरोप मारतो. किराण्यात मात्र अमेरिकेचा हात कुणी धरणार नाही. तिघांना दोनशे चाळीस. यतीनचा विश्वास बसेना. "क्या बात कर रहे हो, राजीवभाई? मेरा भाई न्यू जर्सीमें है, उसका तो हजार जाता है."

मी म्हटलं, माझ्याकडे खरे आकडे आहेत.

नीला त्याच वेळी उठून त्याच्या बाल्कनीत गेली. परतताना मला म्हणाली, "राजीव, हे ऑक्शन पुढे ढकलूया."

"का?"

"मला बरं वाटत नाहीये."

"डॉक्टरकडे जायचं का?"

"तसं नाही रे." रस्त्यातच थांबली. "तो माझे फोन उचलत नाही. मेसेज करतो, उचलत नाही."

मी म्हटलं, बिझी आहे. तिने माझा हात सोडला. घरी आल्यावर दोघांचं भांडण झालं. मार्केट, व्याजदर, तिचं काळीज, माझं एक्सेल. मी बरंच बोललो. लिहिण्यासारखं नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

एजंटचा फोन, तीन पार्ट्या गंभीर आहेत. दीडपर्यंत जाईल म्हणते. दीड मिलियन! नीलाला सांगितलं तर ती "बरं" म्हणाली. तिच्या पर्समध्ये ती प्रिंट अजून आहे, घडी घालून. किल्ली शोधताना दिसली. किराण्याच्या आकड्याभोवती दोनदा गोल आहे.

मला समजेना. कौतुक म्हणून असेल का?

गुरुवार, १ मे

झालं तसं लिहितो.

सकाळी अकराला नीलाने मला न सांगता शाल्मलीला फोन लावला, निनादला नाही. तिकडे बुधवारचे संध्याकाळचे सहा. किचनच्या ओट्यावर फोन ठेवला होता, स्पीकरवर. मी पेपर वाचत होतो.

शाल्मली म्हणाली, "आई? सगळं ठीक आहे ना?"

नीला म्हणाली, "ते मी तुला विचारतेय. निनाद एकटा राहतो का?"

मी पेपर खाली केला. हे काय विचारणं झालं?

मागे कुठेतरी ईशानी कार्टूनबरोबर गात होती. मग शाल्मली म्हणाली, "त्याने तुम्हाला सांगितलं नाही? आई, मला तो म्हणाला होता की सांगितलंय. जानेवारीतच सांगितलंय, म्हणाला."

"काय सांगितलंय?"

"आम्ही नोव्हेंबरपासून वेगळे राहतो."

मी उभा राहिलो. नीला मात्र दोन्ही हात ओट्यावर टेकून अगदी शांत उभी होती. तिने विचारलं, "आणि नोकरी?"

"मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेली. त्याचा व्हिसा नोकरीवर आहे, साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायला लागतो. मंगळवारी मुदत संपतेय." शाल्मली रडायला लागली. "आई, आम्ही भांडून नाही वेगळे झालो. मी त्याला म्हटलं होतं, वरच्या खोलीत राहा. तो ऐकत नाही. रोज सकाळी बसने येतो, ईशानीला शाळेत सोडतो, जातो. मला वाटलं तुम्हाला सगळं माहितीय आणि तुम्ही माझ्यावर रागावलाय, म्हणून फोन करत नाही."

जानेवारीपासून सुनेला वाटत होतं आम्ही रागावलोय. आणि मी तिला किराण्याची शाबासकी पाठवत होतो.

नीलाने तिला काय समजावलं ते मला नीट ऐकू आलं नाही.

मग निनादला फोन. या वेळी उचलला. शाल्मलीने कळवलं असणार. मी नीलाच्या हातातून फोन घेतला. इतक्या महिन्यांचं पोराला विचारायचं होतं. आणि मी काय विचारलं ते इथे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच विसरून जाईन. मी विचारलं, "वकिलाला किती लागले?"

तो म्हणाला, "अजून काहीच नाही, बाबा. वकिलापर्यंत गेलोच नाही."

"मग आता?"

"शनिवारी निघतोय. मेलबर्नला. क्लेटनला सिद्धार्थ आहे ना, माझा युनिव्हर्सिटीचा मित्र, त्याच्याकडे थोडे दिवस."

"मेलबर्नला? इथे घर असताना?"

"ते घर दहा तारखेला विकलं जातंय, बाबा."

मी खुर्ची ओढून बसलो.

"तुमचं ऑक्शन झालं की सांगणार होतो," तो म्हणाला. "रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच तू इतका खूश होतास. रोज एक ईमेल. म्हटलं, हे होऊन जाऊ दे."

"पण मी तुला स्पष्ट विचारलं होतं! तुझा स्वतःचा, खरा—"

"मी खराच लिहिला होता." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "दोन आठवडे खोटे आकडे लिहायला बसत होतो. तिघांचा किराणा, दोन गाड्या, डे-केअर. जमेना. शेवटी आहे ते लिहिलं आणि पाठवून दिलं. म्हटलं, तोंडाने सांगता येत नाही, पण बाबा आकडे वाचतो. बाबाला कळेल."

यापुढचं काही आठवत नाही. नीलाने फोन परत घेतला एवढं आठवतं. ती म्हणत होती, "मेलबर्न नाही. सिडनीचं तिकीट कर. ऐकलंस? सिडनीचं."

शुक्रवार, २ मे

उर्वीचा फोन, संध्याकाळी सहाला. तिला नोव्हेंबरपासून माहीत होतं. मी चिडलो. घरात सगळ्यांना माहीत आणि मला नाही?

"आईला मी सांगितलं नव्हतं. तिला तिचं कळलं."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"दादा म्हणाला होता सांगू नको." मग म्हणाली, "बाबा, रागावू नकोस. तुला सांगितलं असतं तर तू पहिल्यांदा विचारलं असतंस, खर्च किती आला."

काल काय झालं ते तिला माहीत नाही. निनादने सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर शीट उघडून निनादचा कॉलम पुन्हा वाचला. वन-बेडरूम. स्वतःचा इन्शुरन्स. बस पास. एका माणसाचा किराणा, तोही अर्धपोटी माणसाचा. केस कापणे, शून्य. हे तर मार्चमध्ये मी पाहिलंच नव्हतं. पुढे लिहिलं होतं : "घरीच". सव्वीस वर्षं मी लाल दिवा दिसला की गाडी थांबलीच पाहिजे म्हणून काम केलं, आणि हे माझ्या नजरेतून सुटलं. नीलाला पंधरा मिनिटं लागली होती. मी तिला विचारलं, "तुला कळलं होतं तर मला स्पष्ट का नाही म्हणालीस?"

ती म्हणाली, "खात्री नव्हती. आणि मला वाटत होतं, माझं चुकीचं निघू दे."

शनिवार, ३ मे

आज फेडरल इलेक्शन. शाळेत मतदानाच्या रांगेत उभे होतो, बाहेर मतदारांसाठी भाजत असलेल्या सॉसेजचा धूर. पत्रकं वाटणारा प्रत्येक जण म्हणत होता, कॉस्ट ऑफ लिव्हिंग. एका पोरीने मला थांबवून विचारलं, "सर, आर यू फीलिंग द प्रेशर?" मी म्हटलं, येस.

रांगेतूनच एजंटला फोन केला. ऑक्शन रद्द. तिला वाटलं, मी भाव वाढवतोय. "राजीव, इट्स गोइंग टू गो फॉर वन पॉइंट फाइव्ह!" मी म्हटलं, माझा मुलगा येतोय. "फॉर द ऑक्शन?" नाही म्हटलं, राहायला. जाहिरातीचा खर्च, फोटो, बोर्ड, सगळं भरावं लागेल म्हणाली. सात हजार दोनशे. भरतो म्हटलं. काल-परवापर्यंत एवढ्या पैशासाठी मी तिच्याशी तासभर भांडलो असतो.

सोमवार, ५ मे

निनाद सकाळी आला. आम्ही एअरपोर्टला गेलो होतो. ट्रॉलीवर दोन बॅगा. तेरा वर्षं तिकडे राहिला, दोन बॅगा. मी त्याला आधी ओळखलंच नाही. पाडव्याला वजन उतरलंय म्हणून मी खूश झालो होतो. शर्टाच्या आत माणूस आहे की नाही, असं वाटलं. मानेवरचे केस वेडेवाकडे कापलेले.

नीलाने त्याला जवळ घेतलं. मी बॅगा घेतल्या. बॅगा डिकीत ठेवताना तो म्हणाला, "सॉरी, बाबा. ऑक्शनचं." मी म्हटलं, "बेल्ट लाव."



बुधवार, ७ मे

तो बोलतो, पण नेमकं विचारलं तरच. जेवतो थोडं. फोन सारखा हातात, सिॲटलचं घड्याळ वर लावलेलं. आपल्याकडे रात्रीचा सव्वाएक वाजला की दचकून उठतो. आज विचारलं, सव्वाएकला काय असतं? म्हणाला, "तिकडे सकाळचे सव्वाआठ. तिला शाळेत सोडायची वेळ."

दुपारी मागच्या पायरीवर बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो. काय विचारावं ते मनात ठरवून गेलो होतो, नाहीतर तोंडातून भलतंच जातं. विचारलं, "शाळेत जाताना काय बोलते रे ईशानी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खरंच विचारतोय का ते बघायला. मग सांगायला लागला. बस-स्टॉपपासून शाळेपर्यंत अकरा घरं आहेत, आणि प्रत्येक घरात कोण प्राणी राहतो ते तिने ठरवलंय. सातव्या घरात व्हेल आहे, म्हणून तिथून हळू चालायचं, पाणी उडतं. एकदा तो घाईत भरभर गेला तर परत मागे नेऊन हळू चालायला लावलं. सांगता सांगता हसला आणि मग हसता हसता त्याचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे पाहायला लागलो. मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाडं लागली.

बराच वेळ तसेच बसलो. नीलाने दारातून पाहिलं आणि आत गेली.

शनिवार, १० मे

सकाळी साडेनऊला एक जोडपं आलं, बाबागाडी घेऊन. ऑक्शन रद्द झाल्याचं त्यांना कळलं नव्हतं. ती मुलगी मराठीच निघाली, कोथरूडची. खिडकीतून आत बघत म्हणाली, "काका, आम्हाला हे घर फार आवडलं होतं." मी माफी मागितली. त्यांनी किती बोली लावली असती, हे माझ्या तोंडावर आलं होतं, पण विचारलं नाही.

निनाद झोपला होता. काल संध्याकाळी आठला आडवा झाला तो झोपलाच. मी सहाला डोकावलो, आठला डोकावलो. कुशीसुद्धा बदलली नव्हती. नीलाने जाऊन श्वास चालू आहे ना ते पाहिलं. हसायची गोष्ट नाही, मीही तेच पाहायला गेलो होतो.

दहाला शाल्मलीचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे शुक्रवारची संध्याकाळ. ईशानी एकदम स्क्रीनला नाक लावून. इतक्या महिन्यांनी नीट दिसली. पुढचा एक दात पडलाय. चौथ्या वर्षी दात पडतात का? शाल्मली म्हणाली, झोपाळ्यावरून पडली, फेब्रुवारीत. हेही आम्हाला माहीत नाही.

नीला आधी शाल्मलीशी बोलली. डिसेंबरच्या सुटीत दोघींनी यायचं असं म्हणत होती. शाल्मली म्हणाली, "आई, मी पण? चालेल?" नीला म्हणाली, "तू नाही आलीस तर मी तिला एकटीला घेणार नाही." त्या दोघांचं पुढे काय होईल, मला कळत नाही. विचारायची हिंमतही नाही.

मग फोन माझ्याकडे आला.

"आजोबा, इज माय डॅड ॲट युअर हाउस?"

"हो, राजा. आतल्या खोलीत आहे. झोपलाय. थांब हं, उठवतो त्याला."

मी उठलो, दाराच्या कडीला हात लावला.

"नो!" ती इतक्या जोरात ओरडली की मी फोन छातीशी धरला. मग कुजबुजत म्हणाली, "डोन्ट वेक हिम अप, आजोबा. ही नेव्हर स्लीप्स."

"नेव्हर?"

"व्हेन आय स्लीप ॲट हिज हाउस, आय गेट द बेड. अँड ही सिट्स इन द चेअर. अँड व्हेन आय वेक अप, ही इज स्टिल इन द चेअर."

शाल्मली स्क्रीनच्या बाहेर गेली. मी कडीवरचा हात काढला.

"नाही उठवत," मी म्हटलं. "प्रॉमिस."

"ओके," ईशानी कुजबुजली. "बाय." आणि तिने स्वतःच फोन बंद केला, आवाज होऊ नये म्हणून.

नीला चटणीसाठी मिक्सर काढत होती. मी जाऊन तिच्या हातातला प्लग घेतला. लँडलाइनची वायर काढली, माझा मोबाइल सायलेंट केला, आणि पॅसेजमध्ये त्याच्या दाराशी जमिनीवर बसलो. आत्ता दुपारचे दोन वाजलेत. रात्रीचा सव्वाएक केव्हाच होऊन गेला. तो उठला नाही.